कॅज्युअल्टी : पहिले पर्व

बीबीसीच्या ‘कॅज्युअल्टी’ या रुग्णालयीन नाट्यमालिकेचे पहिले पर्व. बीबीसी वन वाहिनीवर ६ सप्टेंबर ते २७ डिसेंबर १९८६ या काळात शनिवारी प्रसारित झाले. भाग १५, प्रत्येकी सुमारे ५० मिनिटांचे. संकल्पना जेरेमी ब्रॉक व पॉल अनविन यांची, निर्माते गेराइंट मॉरिस, शीर्षकसंगीत केन फ्रीमन यांचे. ब्रिटनमध्ये ‘सिरीज’ हा शब्द एका पर्वासाठी वापरतात. संपूर्ण मालिकेसाठी वापरल्यास गणनेत घोटाळा होतो. प्रस्तुत नोंदीत ‘पर्व’ हाच शब्द घेतला आहे.

नाव : ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे रुग्णालयाचा अपघात विभाग. मुंबईच्या रुग्णालयांत हा शब्द व ‘सीएमओ’ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) हे पद अजून रुळलेले असल्याने मराठी वाचकाला शीर्षक वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ब्रिटनमध्ये मात्र मालिका सुरू झाली तेव्हाच हे नाव अधिकृत व्यवहारात मागे पडत होते. हॅरी प्लॅट यांच्या समितीने १९६२ मध्ये ‘कॅज्युअल्टी’ऐवजी ‘ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी’ हे नाव सुचवले होते. यामागे केवळ नामांतराचा हेतू नव्हता. किरकोळ दुखण्यांसाठी येणाऱ्यांची गर्दी वेगळी काढावी आणि या विभागांना वरिष्ठ डॉक्टरांची देखरेख मिळावी, असा मूळ मुद्दा होता. लोकांच्या तोंडी जुनाच शब्द राहिला आणि मालिकेनेही तोच उचलला.

उगम : याविषयी दोन प्रकारे सांगितले जाते. पहिल्यात लेखकांचा रुग्णालयाचा प्रत्यक्ष अनुभव आणि ब्रिस्टलच्या विभागातील निरीक्षण मुख्य ठरते. दुसऱ्यात राजकीय रोष. बीबीसीला दिलेल्या प्रस्तावाचा आरंभच १९४८ साली जन्मलेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या स्वप्नाने होतो आणि १९८५ मध्ये त्या स्वप्नाच्या चिंध्या झाल्याचे तो सांगतो. अशा कागदाला नुसती अनुभवाची वही म्हणणे कठीण. त्यामुळे दुसरे मत अधिक पटते. आरोग्य सेवेच्या व्यवस्थापनाविषयीच्या रॉय ग्रिफिथ्स यांच्या १९८३ च्या अहवालानंतर रुग्णालयांत सर्वसाधारण व्यवस्थापक आले होते. खाटा, पाळ्या व खर्च यांचा हिशेब डॉक्टर-परिचारिकांच्या हातून निसटत असल्याची भावना या पर्वात सर्वत्र जाणवते. निरीक्षणाचा वाटाही छोटा नाही. ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीतील परिचारक पीटर सॉल्ट हे चार्ली फेअरहेड या पात्रामागचे मूळ मानले जातात. पुढे ते मालिकेचे वैद्यकीय सल्लागार झाले.

रात्रपाळी : पर्वाची रचना रात्रपाळीभोवती आहे. दवाखाने बंद, मद्यालये रात्री अकराच्या सुमारास ओस पडणार, कन्सल्टंट (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर) घरी पण बोलावल्यावर येणारा, आणि जागेवर निर्णय घेणारा डॉक्टर बहुधा कनिष्ठ, अशी तेव्हाच्या विभागांतील रात्रीची नेहमीची स्थिती. चुका होण्याची जागा नेमकी येथे असते. थकलेला कनिष्ठ डॉक्टर दारूच्या वासावरून रुग्ण नुसताच प्यालेला ठरवतो आणि डोक्याची इजा नजरेतून सुटते. अनुभवी परिचारिका अशा वेळी अनेकदा डॉक्टरांच्या आधी धोका ओळखते. हा अलिखित अधिकारक्रम मालिकेने चांगला टिपला आहे. पूर्ण मनुष्यबळाची रात्रपाळी महाग पडते, म्हणून काटकसरीची कुऱ्हाड तिच्यावरच येते. ती वाचवण्याची कन्सल्टंट इवार्ट प्लिमर यांची धडपड पर्वभर चालते.

आजच्या प्रेक्षकाला पडद्यावर दोन गोष्टी सापडणार नाहीत. रुग्णांची रंगानुसार निकड ठरवणारी मँचेस्टर पद्धत १९९० च्या दशकातली आहे. रुग्णाचा निकाल चार तासांत लावण्याची मर्यादा राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या २००० च्या योजनेतून आली. १९८६ मध्ये कोणाला आधी घ्यायचे हे मुख्यतः परिचारिकेच्या नजरेवर ठरे.

पात्रे व हुद्दे : चार्ली (डेरेक थॉम्पसन) हा ‘चार्ज नर्स’, म्हणजे ‘सिस्टर’च्या तोडीचा पुरुष परिचारक. मेगन रोच (ब्रेंडा फ्रिकर) ही ‘एन्रोल्ड’ परिचारिका. हा भेद महत्त्वाचा आहे : ‘रजिस्टर्ड’ परिचारिकेचे प्रशिक्षण तीन वर्षांचे, ‘एन्रोल्ड’चे दोन, आणि पदोन्नतीची वाट जवळपास बंद. वॉर्डात सर्वांत जाणती मेगनच, पण कागदोपत्री कनिष्ठ. योगायोग असा की ‘एन्रोल्ड’ प्रशिक्षण बंद करण्याची शिफारस करणारा ‘प्रोजेक्ट २०००’ हा अहवालही १९८६ चाच. बॅझ सॅम्युअल्स (ज्युलिया वॉटसन) ही ‘सीनियर हाउस ऑफिसर’. नावात ‘सीनियर’ असले तरी हा हुद्दा रजिस्ट्रार या मधल्या फळीतील डॉक्टरच्या खालचा. डफी (कॅथरीन शिप्टन), क्लाइव्ह किंग (जॉर्ज हॅरिस), हमाल कुबा (क्रिस्टोफर रोझिकी), प्लिमर (बर्नार्ड गॅलाघर) ही इतर पात्रे. आयरिश, कॅरिबियन व पोलिश मंडळींवर चालणारे रुग्णालय हे त्या सेवेचे वास्तव चित्र होते.

स्थळ : रुग्णालय काल्पनिक होल्बी शहरात, काल्पनिक विव्हर्न परगण्यात. होल्बीची घडण ब्रिस्टलवर बेतलेली आहे. त्या वेळी ब्रिस्टल ज्या परगण्यात होते त्याचे नाव एव्हन. ॲशली डाउन येथील महाविद्यालयाची इमारत २००२ पर्यंत रुग्णालयाचा दर्शनी भाग म्हणून दिसत असे. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज म्युलर यांनी तेथे अनाथालये उभारली होती. २०११ मध्ये चित्रीकरण कार्डिफला हलले.

पहिल्या भागात वायुगळतीने बाधित झालेले लोक विभागात येतात. सामूहिक दुर्घटनेने सुरुवात करण्याची ही युक्ती पुढे मालिकेची ओळख बनली. त्याबरोबरच एक संकेतही रूढ झाला : घरातले, रस्त्यावरले साधे प्रसंग आधी दाखवायचे आणि यांतील कोण जखमी होणार याचा अंदाज प्रेक्षकावर सोडायचा. सरकारी धोरणावरील टीका झोंबल्याने सत्ताधारी हुजूर पक्षातून बीबीसीवर पक्षपाताचा आरोप झाला.

‘कॅज्युअल्टी’ ही सर्वांत दीर्घकाळ चाललेली रुग्णालयीन मालिका, असे सरसकट म्हटले जाते. ते रात्रीच्या मुख्य वेळेतील मालिकांपुरतेच खरे आहे. अमेरिकेची ‘जनरल हॉस्पिटल’ १९६३ पासून दुपारच्या वेळी चालू आहे. ‘कॅज्युअल्टी’तून निघालेली ‘होल्बी सिटी’ १९९९ ते २०२२ चालली. थॉम्पसन यांनी २०२४ मध्ये मालिका सोडली. फ्रिकर १९९० मध्येच बाहेर पडल्या होत्या, त्याच वर्षी त्यांना ‘माय लेफ्ट फूट’साठी ऑस्कर मिळाले.