बागेला दिलेला ताण आणि शेवाळातला बहिरा गडी

दिवाळीनंतर आटपाडीला मामांच्या डाळिंबाच्या बागेत गेलं, की ठिबकच्या नळ्या कोरड्या असतात. बाग वाळतेय म्हणून हळहळायची सोय नाही. ‘ताणावर हाय’ एवढंच उत्तर मिळतं. आंबे बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा डाळिंबाचा फुलोरा, धरायचा तर पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची, उरलेली इथ्रेल हे पानगळीचं औषध मारून गाळायची, छाटणी उरकायची आणि मग पाणी सोडायचं. पुस्तकं ज्याला ‘स्ट्रेस’ म्हणतात, त्याला आमच्याकडे ‘ताण’ हा नेमका शब्द आहे.

‘पर पाणी तोडलंय ह्ये झाडाला कळतं कसं?’ मामांनी मागे विचारलं होतं. त्या वेळी मी गोलमाल उत्तर दिलं. आता जरा नीट देतो.

झाडाकडे ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक असतं, थोडक्यात एबीए. १९६० च्या दशकात कापसाची बोंडं अकाली का गळतात हे शोधताना ते हाती लागलं, म्हणून नावात ‘गळणं’ आलं. नाव चुकलंच म्हणायचं. पानं गाळण्याचं मुख्य काम इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचं, आणि आपण इथ्रेल फवारतो तेव्हा तेच सुटतं. एबीएचं खरं काम दुष्काळाची दवंडी पिटण्याचं. माती सुकू लागली की मूळ एक छोटा प्रथिनाचा तुकडा वर पानाकडे धाडतं आणि पान एबीए बनवू लागतं. हा निरोप्या जपानी संशोधकांनी २०१८ साली पकडला. त्यांनी तो मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यात पाहिला. वनस्पतींचे बहुतेक प्रयोग त्याच्यावरच होतात.

दवंडी ऐकतं कोण, हे कळायला मात्र चाळीसेक वर्षं गेली. मधे एकदा ‘सापडलं’ म्हणून मोठ्या नियतकालिकात छापून आलं आणि ते मागेही घ्यावं लागलं. ही दवंडी ऐकणारं खरं प्रथिन, म्हणजे ग्राही प्रथिन, २००९ मध्ये मिळालं.

त्याचं काम मामांना गोठ्यातल्या भाषेत सांगितलं. पेशीत एक बैल आहे, कायनेज नावाचं प्रथिन. तो सुटला की पानाच्या रंध्रांवरच्या रक्षक पेशींचे दरवाजे उघडतो, क्षार बाहेर पडतात, मागोमाग पाणी जातं, पेशी ढिल्या होतात आणि रंध्र मिटतं. पाण्याची वाफ थांबते. पण हा बैल मोकाट ठेवून चालत नाही, कारण रंध्र मिटलं की हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि झाड उपाशी राहतं. म्हणून एरवी त्याला दावं असतं, फॉस्फटेज नावाचं प्रथिन. ग्राही प्रथिन म्हणजे गोठ्यातला गडी. एबीएची हाक आली की गडी दावं बैलापासून सोडवून हातात धरून ठेवतो आणि बैल सुटतो.

म्हणजे झाडाची दुष्काळाची तयारी आत कायम उभीच असते, फक्त बांधून ठेवलेली. मला ही गोष्ट फार आवडते.

हा गोठा उभारला कोणी? शाळेत स्पायरोगायराची आकृती काढली असेल, हिरव्या फितीच्या स्प्रिंगवाली. विहिरीत, ओढ्यात बुळबुळीत धाग्यांनी वाढणारं ते शैवाल. त्याच्याच गोतावळ्यातली शैवालं जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींची सर्वांत जवळची भावकी आहेत. झिग्निमा हे त्यातलंच एक. २०१९ साली त्याच्यात काय काय आहे ते तपासलं, तर बैल होता, दावं होतं आणि चक्क गडीही होता. पण गडी बहिरा! तो दावं धरायचा, मात्र एबीए दिलं काय, न दिलं काय, त्याला फरक पडत नव्हता. गड्याचं जनुक मातीतल्या जिवाणूंकडून उसनं आलं असावं, असं त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने मांडलं. एबीए हा रेणूही जुनाच, बुरशासुद्धा तो बनवतात. सामान सगळं होतं. वनस्पती जमिनीवर आल्या तेव्हा नवीन घडलं ते इतकंच, की गड्याला हाक ऐकू येऊ लागली. जमिनीवरच्या त्या पहिल्या वनस्पतींचे बीजाणू सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात.

गंमत अशी, की सुरुवातीला हाकेचा रंध्रांशी संबंध नसावा. भिंतीवरच्या मॉसच्या पानाला रंध्रं नसतात. ते पाणी धरू शकत नाही, म्हणून खुशाल वाळतं आणि मरत नाही. एबीएच्या हाकेवर त्याच्या पेशी साखरा आणि खास प्रथिनं साठवतात, त्यामुळे पाणी गेलं तरी आतला संसार मोडत नाही. प्रयोगशाळेत मॉसमधलं दावंच काढून टाकलं, तर ते एबीएशिवायही वाळवण सोसू लागलं. बैल काढला, तर वाळल्यावर मेलं.

मोठ्या झाडांच्या पानांनी ही विद्या सोडली, पण बियांनी जपली. कणगीतला शाळू वर्षभर खडखडीत राहून पेरल्यावर उगवतो, तो याच जोरावर. एबीए बनवता न येणाऱ्या मक्याच्या वाणांत दाणे कणसावरच मोड काढतात. काही हट्टी वनस्पतींनी तर पानातही ती पुन्हा आणली. पाटणकडच्या सड्यांवर किंवा कासला पावसाळा सरला की कातळ तापतो, काही गवतं काडीसारखी वाळतात आणि पाणी मिळताच हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटात अशा ६२ प्रजाती नोंदवल्या. आधी नऊच माहीत होत्या.

हे सगळं ऐकून मामांनी विचारलं, ‘मग ही हाक बाटलीत मिळती का?’

मिळते, द्राक्षाला रंग चढवायला वापरतात. पण उन्हात लवकर निकामी होते. म्हणून अमेरिकेत २०१५ मध्ये उलटं केलं. गडी तोच ठेवून हाक बदलण्याऐवजी, गड्याचे कानच असे घडवले की त्याला मँडीप्रोपॅमिडची हाक कळावी. हे डाऊनी या द्राक्षाच्या रोगावर मारतात ते औषध, तासगावच्या द्राक्षवाल्यांना ठाऊक असलेलं. टोमॅटोवर फवारलं आणि रंध्रं मिटली.

‘म्हंजी डाऊनीचं औषध मारलं की पाणी वाचणार?’

‘गडी बदललेलं झाड असेल तर.’

मामांनी एक पिवळं पान तोडून बोटांत चुरगळलं. ‘आजून आठ दिस,’ म्हणाले आणि व्हॉल्व्हकडे न बघता घराकडे वळले.