जुना फोटो साफ करणं वेगळं, नवा चेहरा बनवणं वेगळं

तेरवी जवळ आली की तालुक्याच्या फोटो स्टुडिओत एक मागणी ठरलेली असते. "आमच्या बुढ्याचा हा एवढाच फोटो हाय जी, थोडा साफ करून मोठा करून द्या." फोटो कधी रेशन कार्डावरून सोडवलेला असतो, कधी कोणाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून घेतलेला, कधी भिंतीवरच्या फ्रेमचा काचेसकट मोबाईलवर काढलेला. पूर्वी या कामाला दिवस-दोन दिवस लागायचे. आता अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर चकचकीत चेहरा येतो. पोरं म्हणतात, काय क्लिअर आला! आणि ज्या सुनेनं त्या माणसाला वर्षानुवर्षं ताट वाढलं ती म्हणते, "नाक तं त्याइचंच हाय, पण हे मामाजी नाई वाटत."

तिचं म्हणणं उडवून लावू नका. 'साफ करून द्या' एवढ्या एका मागणीखाली आज दोन निरनिराळी कामं चालतात. एकात फोटोत जे आहे ते वर आणतात. दुसऱ्यात फोटोत जे नाहीच ते तयार करतात. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर होतात आणि गिऱ्हाइकाला फरक कोणी सांगत नाही. दुकानदाराच्या मनात खोट असते असं नाही, बऱ्याचदा त्यालाही तो ठाऊक नसतो.

आधी पहिलं काम पाहू. आपल्याकडे फोटो खराब होतात ते ठरावीक कारणांनी. पावसाळ्यात कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीला ओल येते, फ्रेममध्ये बुरशी धरते, फोटो काचेला चिकटतो. पत्र्याच्या पेटीत कागदांखाली दबून घड्या पडतात. ओळखपत्रावरच्या फोटोवर शिक्क्याची अर्धी गोल रेघ गालावरून गेलेली असते. ऐंशी-नव्वदच्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडलेले दिसतात, त्याचंही कारण आहे: रंगीत प्रिंटमध्ये रंगांचे तीन थर असतात आणि अंधारात ठेवलेल्या अशा जुन्या प्रिंटमधला निळसर थर सहसा सगळ्यात आधी उडतो. मागे लाल-पिवळं उरतं.

या प्रत्येक दुखण्याला वेगळं औषध आहे. फिक्या पडलेल्या फोटोला लेव्हल्स किंवा कर्व्हज, म्हणजे फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधली उजेड-रंग जुळवायची साधनं. डिजिटल फोटोत प्रत्येक बिंदूचा उजेड साधारणपणे ० ते २५५ या आकड्यांत मोजतात. फोटो फिका पडला म्हणजे सगळे बिंदू मधल्याच टापूत, समजा ९० ते १९० मध्ये, गोळा झालेले असतात. लेव्हल्स त्यांना ताणून पुन्हा ० ते २५५ वर पसरवतं. डोळ्याखालची सुरकुती दिसायला लागते, ती आधीपासून तिथे होती म्हणून. लाली काढायची तर हेच ताणणं लाल, हिरवा, निळा या तीन चॅनेलवर वेगवेगळं करायचं. घडी, बुरशीचा ठिपका, शिक्का यांना हीलिंग ब्रश. फोटो सुधारायचं फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० साली आलं आणि हीलिंग ब्रश २००२ च्या सातव्या आवृत्तीत. त्याआधी क्लोन स्टॅम्पने शेजारचा भाग उचलून डागावर ठेवत, आणि जोड दिसू नये म्हणून तासन्‌तास बसत. हीलिंग ब्रश शेजारच्या कातडीचा पोत घेतो आणि उजेड-रंग मात्र डागाभोवतीचाच ठेवतो, म्हणून जोड कळत नाही.

इथेही घडीखाली जे होतं ते कायमचं गेलेलंच असतं, आपण ते भरून काढतो. पण भरतो ते त्याच माणसाच्या त्याच गालावरून, दोन-चार बिंदूंच्या अंतरावरून. एवढी उसनवारी मला मान्य आहे. डोळ्याचं बुबुळ किंवा ओठाचा कोपराच फाटला असेल, तर हाताने काम करणारा जाणता माणूसही थांबतो आणि विचारतो, "दुसरा एखादा फोटो आहे का?" तो प्रश्न फार मोलाचा आहे.

हे सगळं करायला महागडं सॉफ्टवेअर लागतं असंही नाही. गिम्प १९९६ पासून फुकट मिळतं. मोबाईलवर स्नॅपसीड आहे, तेही फुकट, त्यात हीलिंग आणि कर्व्हज दोन्ही आहेत. मर्यादा एकच: या रस्त्याने धूसर फोटो धूसरच राहतो. शार्पनिंग फक्त कडांचा काळा-पांढरा फरक वाढवतं. जास्त ओढलं तर टोपीभोवती पांढरी कड उमटते आणि चेहरा खरखरीत होतो, पण पापणीचा केस काही परत येत नाही.

नेमकं इथेच दुसरं काम सुरू होतं. रेमिनीसारखी अ‍ॅप किंवा जीएफपी-गॅनसारखी २०२१ साली आलेली प्रणाली धूसर चेहरा घेते आणि स्पष्ट चेहरा देते. ती शिकते अशी: हजारो स्वच्छ चेहरे घ्यायचे, ते मुद्दाम धूसर आणि डागाळ करायचे, आणि धूसरावरून मूळ कसं गाठायचं याचा सराव मशीनकडून करून घ्यायचा. जीएफपी-गॅनच्या सरावासाठी जो संच वापरला, त्यात फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेले ७०,००० चेहरे आहेत. तुमच्या आजीला त्या मशीनने कधी पाहिलेलं नाही. असा धूसर ठिपका बहुतेक वेळा कोणत्या प्रकारच्या डोळ्याचा निघतो, एवढंच त्याला माहीत असतं, आणि तसा डोळा ते काढून ठेवतं.

याचं गाजलेलं उदाहरण २०२० मधलं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पल्स नावाची प्रणाली तयार झाली होती. तिला कोणीतरी बराक ओबामांचा चौकोन-चौकोन दिसणारा फोटो दिला, जो कोणीही सहज ओळखेल असा. प्रणालीने त्यातून एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ चेहरा काढून दिला. तो चेहरा पुन्हा लहान केला तर ओबामांच्या फोटोसारखेच चौकोन दिसत. हिशोब बरोबर, माणूस दुसरा.

आता हे आपल्या घरात आणा. आपल्याकडच्या जुन्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, कधी गालावर गोंदण असतं. भुवयांच्या मधला ठिपका, हनुवटीवरचे तीन बारीक ठिपके. ग्रुप फोटोत तो प्रत्येक ठिपका दोन-तीन पिक्सेलचा, म्हणजे बिंदूंचा, गडद डाग असतो. मशीनला तो कागदाचा दोष वाटण्याची शक्यता फार. बटण दाबलं की कातडी गुळगुळीत होते आणि गोंदण जातं. तसंच जड दागिन्यांनी लांब झालेली कानाची पाळी आखूड होते, मोतीबिंदूने पांढरट झालेल्या डोळ्यात काळंभोर बुबुळ येतं, मिटलेल्या ओठांत दात दिसायला लागतात, उन्हातान्हात काम करून बसलेले गाल भरतात. रंगही उजळतो. जिनं आयुष्यभर कापूस वेचला, धानाच्या बांधीत रोवणं केलं, तिच्या चेहऱ्यावरून तेवढंच पुसलं जातं जे तिचं होतं. मला याचा राग येतो, आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

किती बनवलं जातं याचा हिशोब एकदा मांडून पाहा. लग्नातला ग्रुप फोटो, चार बाय सहा इंचांची प्रिंट, त्यात वीसेक माणसं. एकेक चेहरा रुंदीला साधारण ५ मिलिमीटर. ही प्रिंट ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० बिंदू) नीट स्कॅन केली तर चेहऱ्याच्या रुंदीत जेमतेम १२० पिक्सेल मिळतात. आता घरच्यांना बारा बाय अठराची फ्रेम हवी, म्हणजे चेहरा सहा इंच रुंद. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे १,८०० पिक्सेल पाहिजेत. पंधरा पट रुंदी, पंधरा पट उंची. प्रत्येक खऱ्या बिंदूमागे २२४ बिंदू कोणीतरी नवे भरायचे. तीच प्रिंट मोबाईलवर टिपून व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या दर्जात पाठवली, तर फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते आणि चेहऱ्याच्या वाट्याला पन्नासेक उरतात. इतक्या कमी मालावर सहा इंचांचा चेहरा उभा राहतो तेव्हा त्यात तुमच्या माणसाचा वाटा किती, ते तुम्हीच पाहा.

काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग भरणं हेही याच दुसऱ्या खात्यातलं काम. लाल आणि हिरवं लुगडं काळ्या-पांढऱ्यात अगदी एकसारखं करडं दिसू शकतं. कोणता रंग ते फोटो सांगत नाही, घरातली थोरली माणसं सांगतात. त्यांना विचारून रंग भरला तर ठीक.

दुसरं काम सरसकट वाईट असं मी म्हणत नाही. मागची भिंत फाटली आहे, कोपरा उंदराने कुरतडला आहे, धोतराचा सोगा अर्धा गेला आहे, तिथे एआयने भरलं तर कोणाचं काही बिघडत नाही. रात्रीच्या मांडवातल्या फोटोंतले दाणे काढायला लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून एआयवर चालणारं डीनॉइज आहे, ते कॅमेऱ्याच्या रॉ (न दाबलेल्या मूळ) फाईलवर उत्तम काम करतं. तिथे नवरा-नवरी समोर असतात, चेहरा बदलला तर लगेच सांगतात. गेलेला माणूस सांगू शकत नाही. म्हणून ज्याचा एकच फोटो उरला आहे, त्याच्या चेहऱ्यावर मशीन चालवू नये, या मताचा मी आहे.

पुरावा म्हणून काढलेले पीक बुडाल्याचे, घर पडल्याचे फोटो तर मुळीच सुधारू नका. मोबाईलमधली मूळ फाईल तशीच ठेवा. वेळ आणि, लोकेशन चालू असेल तर, जागेची नोंद तिच्यातच असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ती निघून जाते.

समोर आलेला चेहरा साफ केलेला की बनवलेला, हे ओळखायचं कसं? मूळ आणि नवा फोटो एकाच मापात एकावर एक ठेवून वरचा थर आलटून पालटून दाखव, असं दुकानदाराला सांगा. साफ केलेल्यात काहीच हलत नाही, फक्त डाग जातात. बनवलेल्यात डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, केसांची रेघ किंचित सरकते. मूळ फोटोत नसलेला चमकता ठिपका बुबुळांत आला असेल, चेहरा गुळगुळीत पण मान आणि टोपी धूसरच राहिली असेल, तर समजा मशीन चाललं. आणि ज्या माणसांनी त्याला जवळून पाहिलं त्यांना दाखवा: बायको, बहीण, शेजारचा सोबती. नातवंडांचं मत इथे कामाचं नाही, त्यांनी म्हातारपणच पाहिलं.

काम देताना स्पष्ट सांगा: "चेहऱ्यावर एआय नको, बाकी काहीही करा." काही सॉफ्टवेअरमध्ये हे वेगळं करता येतं. टोपाझ गिगापिक्सेलमध्ये फोटो मोठा करताना फेस रिकव्हरी (चेहरा नव्याने स्पष्ट करण्याची सोय) बंद ठेवता येते. फोटोशॉपमध्ये एआयचा थर घेऊन त्यातला चेहरा मास्कने झाकता येतो. घरच्यांना थोडी मदत हवीच असेल तर तो थर वीस-तीस टक्क्यांवर ठेवावा, म्हणजे मूळ चेहराच ठळक राहतो.

यातलं निम्मं काम चांगली प्रत मिळवण्यातच होतं. फोटो फ्रेममधून बाहेर काढा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. झेरॉक्स सेंटरवरच्या मशीनला बहुधा स्कॅनर असतोच, ६०० डीपीआय सांगा. स्कॅनर नसेल तर अंगणात सावलीत, फ्लॅश बंद ठेवून, मोबाईल फोटोच्या अगदी समांतर धरून, पूर्ण चौकट भरेल असा काढा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाईल दबत नाही. मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक, शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो, सोयऱ्यांकडचे लग्नाचे अल्बम धुंडाळा. जुन्या स्टुडिओवाल्याकडे निगेटिव्ह पडून असेल तर तिच्यात प्रिंटपेक्षा जास्त माल असतो.

आणि फ्रेम लहान घ्या. वर सांगितलेला १२० पिक्सेलचा चेहरा दीड इंच रुंद छापला तर इंचाला ८० पिक्सेल पडतात. हातभर अंतरावरून तो मऊसर दिसेल, पण ओळखू येईल. पाच बाय सातच्या फ्रेममध्ये असा चेहरा बसतो. हार घालायला एवढी फ्रेम पुरते.

तरीही घरच्यांना मोठा, चकचकीत फोटोच हवा असेल तर तोही करा, त्यांच्या दुःखात वाद घालू नये. फक्त मूळ स्कॅन वेगळ्या फाईलमध्ये जपून ठेवा, दोन-तीन घरांतल्या मोबाईलवर पाठवून ठेवा, आणि बनवलेल्या प्रिंटच्या मागे पेनाने लिहा: चेहरा कॉम्प्युटरने बनवलेला, मूळ फोटो अमक्याच्या लग्नातला, अमक्या घरी.