गोल चेहरा आणि चौकोनी चेहरा: कटिंगपूर्वी ओळखायचा फरक

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे ‘मिलिटरी कट’ म्हणजे काय, हे येथील सलूनमध्ये कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मात्र दोन मित्रांनी एकाच खुर्चीवर तोच कट करून घेतला, तरी एकाला तो शोभतो आणि दुसऱ्याचा चेहरा भाकरीसारखा वाटोळा दिसू लागतो. दोष बहुतेक वेळा कारागिराचा नसतो; गोल आणि चौकोनी चेहऱ्यांची गल्लत झालेली असते.

ही गल्लत स्वाभाविक आहे, कारण दोन्ही चेहऱ्यांची लांबी आणि रुंदी जवळजवळ सारखी असते आणि नुसती टेप लावून काही उलगडत नाही. खरा फरक जबड्यात असतो. केस मागे घट्ट धरून आरशासमोर उभे राहावे आणि कानाच्या पाळीखालून हनुवटीकडे बोट फिरवावे. बोट एका कोपऱ्यावर अडून मग वळले, तर चेहरा चौकोनी. न अडखळता सरकत गेले, तर गोल. गोल चेहऱ्यात गाल सर्वांत रुंद असतात, तर चौकोनी चेहऱ्यात कपाळ, गाल आणि जबडा यांची रुंदी जवळपास एकच असते. भरलेल्या गालांमुळे हाडाचा कोपरा झाकला जातो, म्हणून डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. हातभर अंतरावरून काढलेला सेल्फी तर मुळीच प्रमाण मानू नये. इतक्या जवळून नाक मोठे आणि जबडा अरुंद उमटतो.

गोल चेहऱ्याला केसांनी उंची आणि कोन द्यायचे असतात. त्यामुळे बाजूंना एक किंवा दोन नंबरची मशीन, म्हणजे 3 ते 6 मिलिमीटर केस, चालतील. पण डोक्यावर चार-पाच सेंटिमीटर केस उभे राहण्यासाठी ठेवायलाच हवेत. वरही मशीन फिरली की चेहरा लांब दाखवणारे काही उरत नाही. दाढी असल्यास गालांवर बारीक आणि हनुवटीखाली किंचित लांब ठेवावी. मुलींनी हनुवटीशी संपणारा बॉब (एकसारखा आखूड कट) आणि कपाळभर सरळ फ्रिंज (कपाळावर सोडलेले आखूड केस) टाळून, भांग एका बाजूला घेतलेला बरा.

चौकोनी चेहऱ्यात कोन मुळातच असतो; तो दाखवायचा की सौम्य करायचा, एवढेच ठरवायचे असते. पुरुषांनी तो झाकण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळीकडे तीन नंबरची मशीनही त्यांना शोभते. स्त्रियांना सौम्यपणा हवा असेल, तर जबड्याखाली उतरणाऱ्या लेअर (कमी-जास्त लांबीचे केसांचे थर) आणि बाजूला वळवलेल्या विरळ बटा उपयोगी पडतात. जबड्याच्याच पातळीवर सरळ कापलेले केस मात्र तेथे रेघ ओढल्यासारखे दिसतात.

बेळगाव-खानापूरकडच्या पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. दमट हवेत केस ओलावा शोषून फुगतात. चौकोनी चेहऱ्याभोवती हा फुगवटा कोपरे मऊ करतो, पण गोल चेहऱ्याच्या गालांशी तोच रुंदी वाढवतो. म्हणून गोल चेहऱ्याच्या, कुरळ्या केसांच्या मुलीने जूनमध्ये केस कापताना पहिली लेअर हनुवटीच्या खाली ठेवायला सांगावी, आणि ओले कुरळे केस वाळल्यावर वर चढतात, हे ध्यानात घेऊन दोन बोटे जादा लांबी राखून घ्यावी.