कर्जाची बाकी वेगळी, विम्याची रक्कम वेगळी

जुनी गाडी कर्जावर घेतली, विमा उतरवला, पॉलिसीवर बँकेचं नावही चढलं. आता गाडी चोरीला गेलीच तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडेल, असं अनेकजण धरून चालतात. पॉलिसीवरच्या त्या नावामुळेच हा समज पक्का होतो. पण त्या नावाचा अर्थ एवढाच, की अशा वेळी दाव्याचे पैसे आले तर त्यावर पहिला हक्क बँकेचा. पैसे किती येतील, हे त्या नावावरून ठरत नाही. (पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही, हे आधी तपासा.)

विम्याची रक्कम गाडीकडे बघून ठरते: मॉडेल, वय, घसारा, बाजारातली किंमत. कर्जाची बाकी ठरते ती व्याजदर आणि भरलेल्या हप्त्यांवरून. दोन्ही आकडे दरवर्षी खाली येतात, म्हणून ते बरोबरीने येत असतील असं वाटतं. तसं होत नाही.

समजा, कर्ज 12 टक्के दराने 5 वर्षांसाठी घेतलं आणि वर्षभर एकही हप्ता चुकवला नाही. मुदतीचा पाचवा हिस्सा सरला. मुद्दल मात्र शंभरातलं अजून साडेचौऱ्याऐंशी शिल्लक असतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा भाग व्याजातच जातो. त्याच वेळी गाडीची विम्यातली किंमत 70 वर आलेली असेल आणि गाडी पूर्ण निकामी झाली, तर साडेचौदाची तूट तुम्ही भरायची. दाव्यातून तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा होते, ती आणखी वेगळी. दारात गाडी नाही आणि हप्ते मात्र चालू, ही वेळ कुणावर येऊ नये असं मनापासून वाटतं.

ही तूट भरून काढण्यासाठी गॅप कव्हर असतं. पण ते गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी ठरली तरच कामाला येतं, दुरुस्तीच्या दाव्याला नाही. थकलेले हप्ते आणि त्यावरचा दंड सहसा त्यात धरत नाहीत. जुन्या गाडीला वयाची अटही असू शकते, म्हणून गाडी घेतानाच विचारलेलं बरं.

खरी गल्लत होते ती वरून बसवलेल्या वस्तूंची. अलॉय व्हील्स, म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर यांचे पैसे विक्रेता गाडीच्या किमतीतच धरतो, कधी कर्जातही बसवून देतो. त्यामुळे कर्जात आहे म्हणजे विम्यातही असणार, असं वाटतं. विमा कंपनीच्या हिशेबात मात्र मुळात तेच मॉडेल असतं, जसं कारखान्यातून बाहेर पडलं तसं. नंतर बसवलेली वस्तू तुम्ही कळवली नसेल, तिची किंमत नोंदवून त्यासाठीचा विम्याचा जादा हप्ता भरला नसेल, तर सहसा तिचे पैसे मिळत नाहीत. कर्ज मात्र तिच्यासकट फेडावं लागतं. वरची तूट इथे आणखी रुंदावते.

त्यातही सजावटीची वस्तू आणि गाडीतला बदल यांत फरक करायला हवा. न कळवलेली म्युझिक सिस्टीम गेली तर बहुधा तेवढीच भरपाई बुडते. पण इंजिनाची ताकद वाढवली, सस्पेन्शन बदललं किंवा गॅस किट बसवलं आणि कंपनीला सांगितलं नाही, तर जोखीमच बदलली या कारणाने अख्खा दावा अडकू शकतो. जुनी गाडी घेणाऱ्याला हे जास्त भोवतं. बदल आधीच्या मालकाने केलेला असतो, पण आता पॉलिसी तुमच्या नावावर असते.

म्हणून सौदा ठरण्याआधी बॉनेट उघडून बघा आणि वरून काय काय बसवलंय ते विक्रेत्याकडून लिहून घ्या. बिलं असतील तर मागा, नसतील तर फोटो काढून ठेवा. ती यादी विमा कंपनीला पाठवा आणि प्रत्येक वस्तूची पॉलिसीत लेखी नोंद करून घ्या. एजंटने तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ म्हटलं, तरी नोंद दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.