वजन उतरलं आणि ती घाबरली

१९८५ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी अतिस्थूल लोकांचं वजन उतरवण्याचा उपक्रम चालवत होते. एका तरुणीचं वजन वर्षभरात सुमारे १८५ किलोंवरून ६० किलोंवर आलं. मग तीनच आठवड्यांत ते जवळजवळ १७ किलोंनी वाढलं. ती झोपेत उठून खात होती. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की कामावरच्या एका वयस्क पुरुषाने तिच्याशी सलगी करायचा प्रयत्न केला होता. आणि लहानपणी आजोबांनीच तिच्यावर अत्याचार केले होते. चरबी हे तिचं चिलखत होतं. ते उतरल्यावर तिला उघडं पडल्यासारखं वाटलं.

वजन उतरत असतानाच उपक्रम सोडणाऱ्या इतरांशीही फेलिटी बोलले. तशाच कहाण्या पुन्हा पुन्हा निघाल्या. मग साथरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट आंडा यांच्यासोबत त्यांनी लहानपणी सोसलेल्या आघातांची मोठी पाहणी केली. १९९८ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत ९,५०८ प्रौढांची उत्तरं होती: मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातलं व्यसन, मानसिक आजार, तुरुंगवास. आई-वडिलांची ताटातूट आणि मुलांकडे होणारं दुर्लक्ष नंतर यादीत आलं. असे चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांमध्ये, एकही न सोसलेल्यांच्या तुलनेत, दारूचं व्यसन सुमारे सातपट आणि आत्महत्येचा प्रयत्न बारापट आढळला. हे बहुतेक मध्यमवर्गीय, आरोग्यविमा असलेले लोक होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गरिबीवर खापर फोडून मोकळं होता येत नाही.

सतत धास्तीत वाढणाऱ्या मुलाच्या शरीरात कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरकं वारंवार उसळतात आणि वाढत्या मेंदूची धोक्याची घंटा हळवी होते. निकोटीन किंवा दारू ती घंटा घटकाभर बंद करते. बाहेरून आपल्याला व्यसन दिसतं. आतल्या माणसाला तो सुटकेचा उपाय वाटतो. ‘सोड ना आता’ असं नुसतं सांगून भागत नाही ते म्हणूनच.

हे आकडे मात्र समूहाचे आहेत. एखाद्याच्या कपाळी काय लिहिलंय ते सांगायला त्याने सोसलेल्या प्रकारांची ही बेरीज वापरू नका, असं स्वतः आंडांनीच बजावलं आहे.

फेलिटी रुग्णाने भरलेली प्रश्नावली वाचत, घडलेल्या प्रसंगाचा उल्लेख करत आणि विचारत, ‘याचा तुमच्या पुढच्या आयुष्यावर काय परिणाम झाला?’ मग ऐकत.