प्रयोगासाठी वावर खंडाने घेताना

निफाड-दिंडोरीकडं कुणी वावर खंडाने मागायला आलं की प्रश्न ठरलेले असतात, पाणी किती आणि जमीन कशी. संशोधनवाला आला की तो भलतंच विचारतो. उकिरडा कुठं होता, कुठला बांध मोडलाय, जेसीबीने कुठली माती कुठं ओढली, मागच्या हंगामात मका होता का आणि त्यात ॲट्राझिन हे तणनाशक मारलं होतं का. मालकाला वाटतं हा जमीन घ्यायला आलाय का चौकशी लावायला.

त्याला भारी जमिनीपेक्षा एकसारखी जमीन हवी असते. कांद्याच्या दोन जाती शेजारी-शेजारी लावल्या, एक दणकून आली, पण ती नेमकी जुन्या उकिरड्यावर पडलेली असेल तर जिंकलं कोण, जात की शेणखत? तिथला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, वर्षानुवर्षं टिकतो आणि वरून बघून काही कळत नाही. ॲट्राझिन मातीत उरलं असेल तर कांद्याची रोपं खुरटतात नाहीतर मरतात, आणि खापर फुटतं बिचाऱ्या जातीवर.

यातून वाट काढली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने. १९१९ मध्ये तो इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड केंद्रावर लागला, जिथं गव्हाचा एक प्रयोग १८४३ पासून त्याच वावरात चालू आहे, म्हणजे पेशवाई बुडून पंचवीस वर्षं झाली तेव्हापासून! फिशरचं म्हणणं असं की पूर्ण सारखी जमीन कुठंच मिळत नाही, तेव्हा वावराचे उताराला आडवे पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्यात सगळ्या जाती एकेकदा लावा आणि कुठली कुठं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

आता हिशोब बघा. कांद्याचा प्लॉट ३ बाय २ मीटरचा, लावण १५ बाय १० सेंटिमीटरवर, म्हणजे २० ओळी, ओळीत २० रोपं, एकूण ४००. कडेच्या रोपांना ऊन-वारा जास्त मिळतो, ती फुगतात, म्हणून कडेची एकेक रांग मोजायचीच नाही. उरली १८ गुणिले १८, म्हणजे ३२४. लावलेल्या कांद्यातला जवळपास पाचवा हिस्सा हिशोबाबाहेर! पाच जाती, चार पट्टे धरले तर नुसते प्लॉट १२० चौरस मीटर, सव्वा गुंठ्याच्या आतच, तरी घेणारा अर्धा एकर मागतो कारण वाटा, ठिबक, भोवतीची राखण पिकाची पट्टी आणि शेजारच्या फवारणीचा उडणारा तुषार हे सगळं धरावं लागतं.

संशोधन केंद्राची स्वतःची जमीन असताना भाड्याने कशाला, असं विचारलं जातं. पण आपल्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि येवल्याला पाचशे-सहाशे, एका केंद्रावरचा निकाल सगळीकडं कसा चालेल.

खरी अडचण मात्र माणसांची. प्रयोगात एक प्लॉट बिनफवारणीचा ठेवतात, करपा रोगाचं नुकसान किती ते मोजायला. आता डोळ्यादेखत पात पिवळी पडतेय आणि मालक हातावर हात ठेवून बसेल? तो कळवळून एखादा पंप मारूनच टाकतो आणि अख्ख्या हंगामाची तुलना गेली. म्हणून माझ्या मते भाडं ठरवताना जमिनीचा खंड वेगळा आणि पीक बिघडू द्यायची भरपाई वेगळी, असं सरळ बोलावं.

दुसरी धास्ती कुळाची, म्हणजे कसणाराच उद्या जमिनीचा मालक ठरेल याची. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन घरोघरी पाठ आहे, त्यामुळं पुष्कळ मालक अकरा महिन्यांच्या वर कागद करत नाहीत. कांद्याला ते पुरतं. द्राक्षाला कसं पुरणार, वेल लावल्यावर चांगलं पीक धरायलाच दोनेक वर्षं जातात, म्हणून द्राक्षाचे प्रयोग बहुतेक मालकाच्याच उभ्या बागेत, त्याच्याच छाटणीच्या वेळापत्रकाने चालतात.

मालाचंही आधीच लिहून घ्यावं. जातींची चाचणी असेल तर वजन झाल्यावर कांदा मालकाला देता येतो, पण नोंदणी न झालेलं औषध मारलेला माल नष्टच करावा लागतो, आणि लासलगावला भाव चढलेला असताना हे ऐन काढणीला सांगितलं तर भांडण ठरलेलं.