मुखत्यार हिशोब देत नाही? कोर्टाकडून काय मिळतं, कागद कोणते लागतात

फ्लॅटचं भाडं घे, सोसायटीत सही कर, तलाठ्याकडे जाऊन ये, एवढ्यासाठी लोक भावाला नाहीतर पुतण्याला कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) देऊन टाकतात आणि समजतात की कागद रजिस्टर झालाय म्हणजे कुणाचं तरी लक्ष असेल. तसं काही नसतं. सब रजिस्ट्रार फक्त कागद नोंदवतो, आणि कोर्ट आपणहून काही विचारायला येत नाही, तुम्ही दावा लावलात तरच.

हक्क मात्र पक्का आहे. करार कायदा 1872, कलम 213, मागितला की मुखत्याराने हिशोब द्यायचाच. म्हणून आधी लेखी नोटीस पाठवा, पोच जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर कितीही भांडला असाल तरी नोटीस हवीच, कारण दावा लावायची मुदत 3 वर्षांची आहे, मुखत्यारी चालू असताना हिशोब मागितला आणि नकार आला तर नकारापासून, मागितलाच नाही तर मुखत्यारी संपल्यापासून.

सोबतच मुखत्यारपत्र रद्द करा. मूळ कागद नोंदवलेला असेल तर रद्दलेखही नोंदवा, आणि हे लोक हमखास विसरतात, बँक, सोसायटी, भाडेकरू सगळ्यांना लेखी कळवा. करार कायद्याच्या कलम 208 प्रमाणे त्यांना कळेपर्यंत त्यांच्यापुरतं रद्द झालेलंच नसतं. बिल्डरला विकसन करारासोबत दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, त्यात त्याचा स्वतःचा हितसंबंध असतो त्यामुळे असं एकतर्फी रद्द होत नाही, वकिलाला दाखवा.

दावा दिवाणी कोर्टात, हिशोबासाठी. लिहून देणारा स्वतः करू शकतो, तो गेला असेल तर वारस. कागद म्हणजे मुखत्यारपत्राची नक्कल, रद्दलेख, नोटीस आणि पोच, बँक स्टेटमेंट, भाडेकरार, मिळकतीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि काही विकलं असेल तर इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सब रजिस्ट्रारकडचा उतारा). कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनामा देतं, म्हणजे हिशोब घ्यायचा असा आदेश, मग कमिशनर नेमून हिशोब तपासून घेतं, आणि रक्कम शेवटी ठरते. वेळ लागतो, खोटं कशाला सांगू. म्हणून मिळकत विकली जायची भीती असेल तर दाव्यासोबतच मनाई हुकमाचा अर्ज टाका. पैसे सरळ खाल्ले असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 (विश्वासघात) खाली फौजदारी तक्रारही होते.

आता सगळ्यात अडचणीचं. आईवडिलांना डिमेन्शिया झाला, कुणी कोमात गेलं, की आपल्याकडे मुखत्यारपत्रच संपतं (करार कायदा, कलम 201), आणि तरी मुलं त्याच कागदावर सह्या करत राहतात! 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मिळकतीसाठी पालक नेमायची सोय नाही, म्हणून लोक घटनेच्या अनुच्छेद 226 खाली हायकोर्टात जातात. तिथे डॉक्टरांचे रिपोर्ट, मिळकतीची आणि खात्यांची यादी, बाकीच्या वारसांची लेखी संमती लागते. पालक नेमताना हायकोर्ट ठराविक काळाने हिशोब सादर करायची अट घालू शकतं, म्हणजे साध्या मुखत्यारावर नसते ती देखरेख इथे मिळते.